सटवाईच्या जड परडीची कहाणी

ऐक सटवाई माउली, तुझी कहाणी. बायांनो, हातात चार तांदूळ घ्या. जिच्या मांडीवर तान्हं असेल तिनं तान्ह्यालाच धरा, तांदूळ शेजारणीकडे द्या. पोर मधेच हसलं, ओरडलं, तर दामटून गप्प करू नका. ही कहाणी त्यांचीच आहे, आपण नुसत्या ऐकणाऱ्या.

आटपाट नगर होतं. नगराला चार वेशी होत्या, चौथ्या वेशीशी बुरुडआळी होती. तिथं कोंडाजी नावाचा बुरूड राहत होता. बांबूची सुपं करी, टोपल्या करी, आणि पाळणे तर असे करी की राजवाड्यातून मागणी येई. अख्ख्या नगराची पोरं कोंडाजीच्या पाळण्यात झोपत. घरात त्याची म्हातारी आई होती, आवडाबाई. बायको होती, गोजरा. आणि त्यांच्या घरचा पाळणा आढ्याला उलटा टांगलेला होता.

उलटा का? तर गोजरेची दोन बाळं गेली होती. पहिली मुलगी. दीड महिन्याची झाली, हसायला लागली. आळी जमली, मुके घेतले, कौतुक झालं. आठवड्यात ताप आला, पोर गेली. मग मुलगा झाला. चार महिन्यांचा झाला, पालथा पडला. गोजरेनं दारोदार साखर वाटली. पंधरवड्यात ताप आला, पोर गेलं.

मग आवडाबाई म्हणाली, "कौतुकानं गेली. दृष्ट लागली. परक्याची दृष्ट मीठमोहऱ्यांनी उतरते, आईची दृष्ट कशानं उतरत नाही." गोजरेनं ऐकलं आणि मनाशी धरलं. दोन पोरं गेलेल्या बाईला कुणी काहीही सांगावं, ती खरं मानते. तिला हसू नका.

मग तिसऱ्यांदा दिवस गेले. नऊ महिने भरले, नऊ दिवस भरले, मुलगा झाला. पाचव्या दिवशी घरात सटवाई पुजली. सटवाई म्हणजे कपाळी लेख लिहिणारी, हे मी तुम्हांला सांगायला नको. पाट मांडला, कोरा कागद ठेवला, दौत ठेवली. पण आवडाबाईनं लगेच दुसरं काम केलं. फुटकं सूप घेतलं, त्यात पोर घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या कासारणीला आधीच सांगून ठेवलं होतं. ती आली, म्हणाली, "हे कुणाचं पोर?" आवडाबाई म्हणाली, "कुणाचं नाही." कासारणीनं उचललं. मग कोंडाजीनं तिला मूठभर कोंडा दिला आणि पोर विकत घेतलं. कोंड्याच्या मोलाचं पोर, उकिरड्याचं पोर, त्याला कोण दृष्ट लावणार? नाव ठेवलं केरू.

कोंडाजीही असाच, तीस वर्षांपूर्वी कोंड्याच्या मोलानं घेतलेला. म्हणून तो कोंडाजी.

मग आवडाबाईनं घराला तीन नेम घातले. पोराकडे तोंड भरून बघायचं नाही. पोर हसलं तर हसायचं नाही. पोराला माझं म्हणायचं नाही. कोंडाजीला तर नेम सांगावाच लागला नाही. वडीलधाऱ्यांसमोर बापानं पोर उचलू नये, अशी त्या घरची रीत. तो बिचारा बांबूच्या कामट्या तासता तासता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघे, तेवढंच.

आता सटवाईचं काम असं असतं. नुसता लेख लिहून ती जात नाही. प्रत्येक बाळाच्या पहिल्या महिन्यांच्या ठेवी तिच्या परडीत असतात. पहिलं हसू, पहिला हुंकार, धरलेली मान, वळलेली कूस. ज्या त्या वेळेला ती दारात येते आणि ठेव पोराच्या हवाली करते. घरच्यांनी ती बघून घ्यायची. बघितली की ठेव घरात राहिली. कुणीच बघितली नाही तर ती काय करील? परत नेते.

केरू दीड महिन्याचा झाला. सकाळची वेळ होती. गोजरा त्याला पाजत होती. पोरानं तोंड सोडलं, आईकडे बघितलं आणि ओठाच्या एका कोपऱ्यातून हसलं. गोजरेचेही ओठ हलले. पण नेम आठवला. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पोर थोडा वेळ तसंच हसत राहिलं, मग थांबलं. सटवाई दारात उभी होती. तिनं हसू उचललं, परडीत ठेवलं, चालती झाली.

केरू तीन महिन्यांचा झाला. "अगूंऽ" म्हणाला. कोंडाजीचा कोयता हातात थांबला. तोही "अगूं" म्हणणार, एवढ्यात म्हातारी खाकरली. कोंडाजीनं मान खाली घातली, कामटी तासायला घेतली. पोरानं दोनदा हाक घातली, तिसऱ्यांदा घातली नाही. सटवाईनं हुंकार उचलला, परडीत ठेवला, चालती झाली.

केरू चार महिन्यांचा झाला. घोंगडीवर पालथा घातला होता. त्यानं मान उचलली आणि कुणी दिसतंय का म्हणून बघितलं. आवडाबाईनं चटकन वरून दुपटं टाकलं. मान खाली गेली. सटवाईनं तीही ठेव उचलली, परडीत ठेवली आणि चालती झाली.

मग पाचवा महिना सरला. केरू हसेना, बोलेना, मान उचलेना. ठेवलं तिथं पडून राही. भूक लागली तरी रडत नसे. आळीतल्या बाया म्हणत, "किती शहाणं पोर गं, आहे की नाही कळतसुद्धा नाही." गोजरेला ते बोलणं विळीसारखं लागे. आहे की नाही हे कळत नाही, याला शहाणपण म्हणायचं का?

एके दिवशी काय झालं, दारात एक म्हातारी आली. कपाळाला हळदकुंकवाचा मळवट, हातात परडी. म्हणाली, "बाई, बुरुडाचं घर हेच ना? मला परडी नवी करून हवी. हिचा तळ फाटला."

गोजरेनं परडी हातात घ्यायला हात पुढे केला. आत बघितलं तर काही नाही. उचलायला गेली तर दोन्ही हातांनी उचलेना.

"आजीबाई, रिकामी परडी एवढी जड कशी?"

"रिकामी कुठं? एका घरच्या ठेवी परत परत येतात, त्यांच्या ओझ्यानं तळ फाटला. एक हसू आहे, एक हुंकार आहे, एक मान आहे. दारापर्यंत नेते, घरातली माणसं तोंडं फिरवतात."

गोजरा मटकन खाली बसली. तिनं ओळखलं. म्हातारीचे पाय धरले. "आई, चुकले. पण मी दृष्टीला भिऊन केलं, नावडतं म्हणून नाही केलं."

"माहीत आहे मला. म्हणून तर परडी दुरुस्त करायला तुझ्याच दारी आले. ऐक. तीन ठेवी परत आल्या. सहावा महिना भरेल, उष्टावण होईल, त्या दिवशी चौथी आणीन. ती परत आली तर माझा इलाज नाही. चौथ्या ठेवीबरोबर पोरही परत न्यावं लागतं."

गोजरा उठून उभी राहिली. रडली नाही. पदर खोचला आणि म्हणाली, "किती दिवस आहेत?"

"तीस."

"वसा सांगा."

"वसा सांगेन, पण तू भिशील, घेतला वसा टाकशील."

"भीन, पण टाकणार नाही. लपवणार नाही. पाठ फिरवणार नाही. सांगा."

म्हातारी हसली. हा जवाब तिला आवडला. भिणार नाही म्हणणाऱ्या बाया तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या. मग म्हणाली, "सकाळी दिवस कासराभर, दोरीच्या लांबीएवढा, वर आला की पोराला दारात उजेडात घ्यावं. तोंड भरून बघावं. जे करील ते बोलून दाखवावं. माझं म्हणावं. एकटीनं केला तर अर्धा वसा, आईबापांनी दोघांनी केला तर पुरा. आणि रोज या परडीसाठी नव्या कामटीचा एक फेर घालावा. तीस दिवसांत परडी पुरी होते. नैवेद्य नको, दक्षिणा नको, उपास तर मुळीच नको. अंगावर पाजणारीला उपास सांगणारा देव माझ्या ओळखीचा नाही."

एवढं बोलली आणि फाटकी परडी उचलून निघून गेली.

मग गोजरेनं नवऱ्याला सगळं सांगितलं. कोंडाजी हातातल्या कामटीशी चाळा करत म्हणाला, "तू म्हणतेस ते खरं असेल. पण आईसमोर पोर घेऊ? आळी काय म्हणेल?"

"अहो, आळीतलं एक पोर सांगा जे तुमच्या पाळण्यात झोपलं नाही. आपलं तेवढं सुपात निजलं."

कोंडाजीनं पुन्हा कोयता हातात घेतला. लाजरा माणूस. लाज सुटायला वेळ लागतो. गोजरेला वेळ नव्हता. ती एकटीच लागली.

दुसऱ्या दिवशी दिवस कासराभर वर आला. गोजरेनं पोर उचललं, दारात उजेडात धरलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा तोंड भरून बघितलं. काय दिसलं? डाव्या कानामागं तीळ होता. भुवया बापासारख्या जुळलेल्या होत्या. हनुवटीला खळी होती, ती कुणासारखी ते कळेना. मोठ्यानं म्हणाली, "हा माझा मुलगा. याच्या कानामागं तीळ आहे." आळीतून जाणाऱ्या दोन बाया थबकल्या. आवडाबाई आतून धावली. "अगं, गिळतेस की काय पोराला! बघू नको म्हणते ना?" गोजरा बघतच राहिली. मग आत जाऊन परडीचा एक फेर घातला.

आठ दिवस झाले. घरची शेळी आटली. आवडाबाई म्हणाली, "बघ, लागली दृष्ट!"

गोजरा म्हणाली, "आत्याबाई, शेळी आटली तर शेळीला पाला घाला. मी पोराला बघते."

पंधरा दिवस झाले. कोंडाजीच्या हाताला कोयता लागला, रक्त आलं. आवडाबाई म्हणाली, "बघ, लागली दृष्ट!"

गोजरा म्हणाली, "कोयता लागला तर हळद लावा. मी पोराला बघते."

पण पोर काही हसेना. अर्धा वसा, त्याला फळ कुठून? गोजरा रोज बघे, रोज बोले, रोज एक फेर घाली. पोर तिच्याकडे बघे, बस एवढंच. मात्र नजर आता हलत होती. इकडून तिकडे जात होती. गोजरेनं तेही बोलून दाखवलं, "माझ्या मुलानं आज चिमणीमागं डोळे फिरवले." आवडाबाईनं कानांवर हात ठेवले.

एकोणिसावा दिवस उजाडला आणि केरूला ताप आला.

आता आवडाबाई काही ओरडली नाही. ती दारात आली आणि हात जोडून म्हणाली, "गोजरे, आता तरी झाक. आता तरी बघू नको. तुझ्या पाया पडते."

दोन पोरं अशीच गेली होती. अंग असंच तापलं होतं. दोन्ही वेळी आवडाबाईनं दुपटं टाकलं होतं, कोपऱ्यात दिवा मंद केला होता, आणि घरातल्या सगळ्यांनी तीन तीन दिवस पाठ फिरवली होती. गोजरेलाही पाठ फिरवावीशी वाटली. बायांनो, खरं सांगते, वाटली. तिनं दुपटं हातात घेतलं. पोराच्या अंगावर धरलंही. मग तिला आपला शब्द आठवला, भीन पण टाकणार नाही. तिनं दुपटं बाजूला फेकलं, अंगडं वर केलं आणि उजेडात धरून बघितलं.

बघितलं म्हणून दिसलं. पोर श्वास घेई तेव्हा बरगड्यांखाली खळगा पडत होता. नाकपुड्या फुलत होत्या.

"अहो!" गोजरा अशी ओरडली की आळीतले हात थांबले. "वैद्याला आणा. याची बरगडी आत जातेय. आत्ता आणा!"

कोंडाजी जखमी हातानं तसाच अनवाणी धावला. वैद्य आला. त्यानं पोराला पाहिलं, चाटण दिलं, छातीला शेक द्यायला सांगितलं. म्हणाला, "आज दिवसभर याला आडवं ठेवू नका. खांद्याशी उभं धरा, म्हणजे श्वास मोकळा राहील. आणि बाई, बरगडी बघितलीत कशी? आईबाप नुसतं अंग तापलंय म्हणतात."

"बघत होते," गोजरा म्हणाली.

"म्हणून वाचेल हा. तुमच्या आधीच्या दोघांच्या वेळी मला चौथ्या दिवशी बोलावलंत. दुपटं काढलं तेव्हा माझ्या हातात काही उरलं नव्हतं."

वैद्य आपल्या वाटेनं गेला. आवडाबाई उंबऱ्यावर होती, तिथंच राहिली. तिचं तोंड एवढंसं झालं.

मग गोजरेनं पोर खांद्याशी उभं धरलं. सकाळ गेली, दुपार झाली. शेक द्यायचा, चाटण द्यायचं, पोर धरायचं. सकाळपासून तिनं पोर खाली ठेवलं नव्हतं. पोर धरलेला तिचा खांदा खाली यायला लागला. कोंडाजीनं ते बघितलं. समोर आई बसलेली, दारात आळी जमलेली. कोंडाजीनं हातातला कोयता खाली ठेवला, उठला, सगळ्यांदेखत बायकोच्या खांद्यावरून पोर घेतलं आणि आपल्या छातीशी उभं धरलं.

कुणीतरी हसलं. कोंडाजी वळून म्हणाला, "माझं आहे. कोंडा कासारणीला परत द्या हवा तर."

अशी त्याची लाज सुटली. आणि वसा पुरा झाला.

दोन दिवस आलटून पालटून दोघांनी पोर धरलं. तिसऱ्या दिवशी घाम आला, ताप उतरला. सकाळी कोंडाजीच्या खांद्यावर पोर जागं झालं. मान मागं टाकून त्यानं बापाच्या जुळलेल्या भुवया बघितल्या आणि हसलं. एका कोपऱ्यातून सुरू झालं आणि तोंडभर झालं.

कोंडाजी वेडा व्हायचा राहिला. पोर गोजरेकडे दिलं आणि आळीत सुटला. कासाराला सांगितलं, तेल्याला सांगितलं, वेशीवरच्या पहारेकऱ्याला सांगितलं, "हसला!"

पहारेकरी म्हणाला, "अरे कोंडाजी, सगळ्यांचीच पोरं हसतात."

"हसत असतील. पण हा माझ्याकडे बघून हसला."

घरी आला तर गोजरा म्हणते, "आता माझ्याकडे बघून हसला." "आधी माझ्याकडे." "तुमच्या भुवयांना हसला तो." असं भांडण दोघांचं. इतकं गोड भांडण त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं.

चार दिवस गेले. "अगूं" आला. या खेपेला कोंडाजीनं जवाब दिला. पोर म्हणे "अगूं", बाप म्हणे "अगूं", गोजरा म्हणे, "काय सांगतोय माझा राजा?" गिऱ्हाईक सूप घ्यायला आलं की कोंडाजी म्हणे, "बसा, आधी ऐका." गिऱ्हाइकाला घाई असो की नसो, बसावं लागे. एक बाई तर सूप न घेताच गेली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा "अगूं" ऐकायला आली आणि दोन सुपं घेऊन गेली.

आणखी तीन दिवस गेले. मान धरली. घोंगडीवर पालथा घातला की छातीपासून उचलला जाई, डुगडुगे, आणि नाकावर आपटे. पुन्हा उचले. दोघं त्याच्यासमोर जमिनीवर पोट टेकून पडत. पोराला समोर दोन तोंडं दिसायची. एकदा कासारीण हळदीचं बोट मागायला आली, तर नवरा बायको दोघं पालथी आणि पोर त्यांच्याकडे बघतंय. ती म्हणाली, "यात मान कुणी धरायची आहे नक्की?"

तीन ठेवी घरात राहिल्या. पण गोजरा गाफील राहिली नाही. रोजचा उजेड चुकवला नाही, रोजचा फेर चुकवला नाही. चौथी ठेव अजून यायची होती.

तिसावा दिवस आला. उष्टावणाचा दिवस. गोजरेचा भाऊ खिरीची वाटी घेऊन आला. आळी जमली. अंगणात घोंगडी घातली, वर पोराला निजवलं. सकाळीच गोजरेनं परडीचा शेवटचा फेर घालून काठ बांधला होता. ती परडी तिनं उंबऱ्यावर ठेवली. बघते तर गर्दीच्या मागं मळवटवाली म्हातारी उभी, काखेला जुनी परडी.

केरूनं पाय वर घेतले. पाय एका अंगाला टाकले. कूस वळली. सगळे म्हणाले, "वळला, वळला." पण खालचा हात अंगाखाली अडकला. पोर लाल झालं. पुन्हा जोर केला. हात निघेना. तिसऱ्यांदा जोर केला आणि उताणं पडलं. मामा हात लावायला पुढे झाला. म्हातारी मागून म्हणाली, "हात लावाल तर ठेव माझी राहील." सूर्य वर चढत होता. म्हातारीनं परडी या काखेतून त्या काखेत घेतली.

गोजरेनं चहूकडे बघितलं. नवरा बघतोय, भाऊ बघतोय, आळी बघतेय. मग कुणाची पाठ आहे? तिच्या ध्यानात आलं. आवडाबाई आत होती.

गोजरा आत गेली. सासू चुलीशी तोंड भिंतीकडे करून बसली होती. वैद्य येऊन गेल्यापासून तिनं घास नीट खाल्ला नव्हता.

"आत्याबाई, बाहेर चला."

"मी नको येऊ. माझी नजर वाईट आहे गोजरे. तुझी दोन मी झाकून घालवली. त्याआधी माझी चार गेली. पाचवा राहिला तो कोंडाजी. त्याला कोंड्याला विकला आणि पुन्हा कधी तोंड वर करून बघितलं नाही. हसला तेव्हा भिंतीकडे बघत होते. चालला तेव्हा पाठ केली होती. आता तू विचारशील, तुमचा मुलगा लहानपणी कसा हसायचा? तर मला ठाऊक नाही." एवढं बोलून ती हमसाहमशी रडली. "तीस वर्षं एका घरात राहतो आम्ही."

गोजरेच्या मनात राग होता. नव्हता असं मी सांगणार नाही. दोन पोरांचा राग होता. तरी ती वाकली आणि सासूचा हात धरला. "तुम्ही भिऊन केलंत. मीही भिऊनच केलं होतं. मला तीस दिवस मिळाले, तुम्हांला कुणी दिले नाहीत. उठा. आज माझ्या पोराला एक पाठ जड होतेय."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर दोघी बघू. उठा."

आवडाबाई उठली. पदर डोळ्यांवर होता, तो गोजरेनं मागं केला. उंबऱ्यावर आली. उजेड डोळ्यांत गेला. डोळे मिटणार होती, मिटले नाहीत. घोंगडीवर पोर उताणं होतं. तिनं तोंड भरून बघितलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा बघितलं.

केरूनं पाय वर घेतले. एका अंगाला टाकले. कूस वळली. हात अडकला. पोर थांबलं, मान उचलली, जोर केला. हात सुटला आणि पोर सपशेल पालथं पडलं. मान वर करून त्यानं समोर उंबऱ्यावर बघितलं. तिथं एक नवीन तोंड होतं, कधी न बघितलेलं. पोर त्याच्याकडे बघून खुदकन हसलं. हनुवटीची खळी खोल झाली.

कोंडाजी घोंगडीपलीकडे गुडघ्यांवर होता. तोही हसला. पंधरा माणसांसमोर, तोंडभर, लहान पोरासारखा. त्याच्या हनुवटीला तीच खळी पडली.

आवडाबाईनं नातवाकडे बघितलं. मग मुलाकडे बघितलं. पुन्हा नातवाकडे, पुन्हा मुलाकडे. "अगं बाई," ती म्हणाली, "असा हसायचा होय." ती पायरी उतरली, घोंगडीला वळसा घातला आणि तीस वर्षांच्या कोंडाजीचे दोन्ही गाल हातांत धरले. आळी बघत होती. लाज वाटली नाही तिला. "माझा," म्हणाली. "माझा मुलगा आहे हा."

मोठ्या बाप्याला आईनं चारचौघांत असं धरल्यावर त्यानं काय करावं? कोंडाजी रडायला लागला. तो रडतोय म्हणून पोर रडायला लागलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा घसा फोडून रडलं, आणि सगळ्या आळीला समजलं की घरात पोर आहे.

मग गोजरा वळली. गर्दीमागची म्हातारी दिसेना. उंबऱ्यावरची नवी परडी गेली होती. तिच्या जागी फाटक्या तळाची जुनी परडी होती. गोजरेनं उचलली, तर एका बोटानं उचलली गेली.

मग काय झालं? मामानं खीर चाटवली. पोरानं अर्धी थुंकली, तेही सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. आढ्याचा पाळणा खाली काढून सुलटा बांधला. बारसं राहिलंच होतं, ते त्याच दिवशी केलं. आवडाबाई म्हणाली, नाव मी ठेवणार. केरू पुसलं आणि नाव ठेवलं कौतिक. पुढं तो बसला तेव्हा पाठीशी उशी आवडाबाईनं लावली. रांगला तेव्हा अख्खं घर त्याच्यामागं रांगलं. पहिलं पाऊल टाकलं ते मात्र कुणाकडे टाकलं यावर तिघांचं अजून एकमत नाही. आणि दृष्ट? मीठमोहऱ्या आवडाबाई रोज उतरायची. त्यांची सवय सुटत नाही, आणि सुटायला हवी असंही नाही. उतरताना ती आता नातवाच्या तोंडाकडे बघायची, एवढाच फरक.

तर बायांनो, वसा असा आहे. दिवस कासराभर वर यावा, पोर उजेडात घ्यावं, आई बाप दोघांनी बघावं आणि माझं म्हणावं. भीती वाटली तरी बघावं. ज्यांची पोरं मोठी झाली त्यांनी आज घरी जावं आणि मिशीवाल्या मुलाकडे, पिकल्या केसांच्या मुलीकडे एकदा तोंड भरून बघावं. काय झालं म्हणून विचारतील. काही नाही म्हणावं, आणि बघावं.

सटवाई गोजरेला पावली, आवडाबाईला उशिरा पावली, तशी ती तुम्हां आम्हां पावो. जिची ठेव तिच्या दारी राहो. कुणाच्या घरून परडी जड होऊन जाऊ नये. हातातले तांदूळ आता पोरांच्या डोक्यावर टाका. ही साठा हुंकारांची कहाणी पाचा हुंकारांत सांगितली, देवीच्या दारी, पाळण्याच्या दोरी, सुफळ संपूर्ण.